आईच्या फाइलमध्ये हिरड्या कुठेच नव्हत्या

तीन वर्षांपूर्वी आईला आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. सकाळी तास-दीड तास बोटं वळायची नाहीत, हातात लाटणं धरवायचं नाही. तेव्हापासून नौपाड्यातल्या एका दवाखान्यात आमच्या खेपा सुरू आहेत. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध, ठरावीक दिवसांनी रक्त तपासणं, फुगत चाललेली फाइल. या तीन वर्षांत एकाही डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला सांगितलं नाही. मला याचा राग आहे, आणि तो माझ्यावरही आहे. दात घासताना बेसिनमध्ये पडणारं रक्त मी रोज बघत होते. "उष्णता झालीय गं," ती म्हणायची. मी गुलकंद आणून दिला.

मे महिन्यात दाढ हलायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. बारीक खुणा असलेली सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून त्या आकडे सांगत होत्या, मदतनीस लिहून घेत होती. "चार, सहा, पाच, सहा." निरोगी हिरडीत ही फट 3 मिलिमीटरपर्यंत असते. मग खुर्ची घट्ट धरलेल्या आईच्या बोटांकडे त्यांचं लक्ष गेलं. "काकू, सांध्यांवर औषध चालू आहे का?"

त्या दिवशी घरी येऊन मी वाचायला बसले. हिरड्यांच्या आजारात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा जंतू सापडतो. त्याच्याकडे एक एन्झाइम असतं, ते प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन या दुसऱ्या घटकात रूपांतर करतं. आमवातात शरीर नेमकं अशाच बदललेल्या प्रथिनांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. आईच्या रिपोर्टवरची 'अँटी-सीसीपी' तपासणी त्यांचीच. सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधी त्या रक्तात दिसू शकतात. 2016 मध्ये तोंडातल्या आणखी एका जंतूचा असाच धागा सापडला. 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना हिरड्यांचा आजार असलेल्या आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात तोंडातले जंतू पुन्हा पुन्हा आढळले. सुजलेली हिरडी म्हणजे उघडी जखमच, वाट तिथूनच मिळते.

याचा अर्थ दात साफ केले की आमवात बरा होतो, असा अजिबात नाही. काही छोट्या अभ्यासांत सांध्यांची सूज थोडी उतरली, काहींत फरक पडला नाही. गोळ्या कुणीही बंद करू नका. शंभर वर्षांपूर्वी 'सगळ्या रोगांचं मूळ दातात' म्हणत डॉक्टरांनी लोकांचे चांगले दात उपटले होते, तसंही नको. माझं म्हणणं एवढंच आहे की आमवाताच्या प्रत्येक पेशंटला "हिरड्यांतून रक्त येतं का?" हे पहिल्याच भेटीत विचारलं गेलं पाहिजे. आमच्या मेडिक्लेममध्येही दातांचा खर्च बसत नाही. जणू तोंड शरीराबाहेरच आहे!

आई साताऱ्याकडची, वीस वर्षं मशेरी लावायची. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आज्या-मावश्यांनी ती लावलेली आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूने हिरड्यांची वाट लागते. शिवाय "साफ केले की दात हलतात" ही भीती. दात आधीच सैल झालेला असतो, साचलेल्या किटणाने तो नुसता धरून ठेवलेला असतो.

दोन बैठकांत आईच्या हिरड्या खोलवर साफ झाल्या. रक्त थांबलं. बोटं बरीचशी तशीच आहेत.

पण एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ज्या बोटांनी ब्रश धरायचा तीच वळत नव्हती, ती नीट घासणार कशी? स्टेशनजवळच्या सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणली, ब्रशच्या दांड्याला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली आणि मूठ वर घट्ट बसवली. ब्रश आता तिच्या मुठीत मावतो. पट्टी आठवड्याने बदलावी लागते, ओली राहिली तर वास येतो. कुणाला हवी असेल तर सांगा, दुकानातून मी दोन जास्तीच्या आणून ठेवल्या आहेत.