रंग नंतर, आधी बेल्ट बघा

जुनी गाडी दुरुस्त करण्यावरच्या लेखात, अडीच लाख किमी पळालेली, धूळ खात पडलेली टोयोटा क्वालिस घेऊन लेखकाने आधी डेंटिंग-पेंटिंगला लावली, हे काय पटलं नाही राव. २.४ डिझेल इंजिन दणकट आहे पण टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) रबरी, जुन्या मालकाने कधी बदलला माहीत नसेल तर सरळ नवा टाका आणि वॉटर पंपही (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) सोबतच उरका, खोलायची मजुरी एकदाच पडते. रेडिएटरमध्ये बहुतेक नळाचं पाणीच असतं, ते पण साफ करून कूलंट भरा. गाडी किती पळाली हे किलोमीटरच्या मीटरपेक्षा पेडलचं झिजलेलं रबर खरं बोलतं. आणि १५ वर्षं उलटलेली गाडी म्हणजे आरटीओची पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, हे धरूनच भाव करायचा. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेतली असेल तर लिफ्टवर चढवून चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) बघा, गंजून सडली असेल तर फुकटातही नको.