'एक ओळ टाकायला एवढा वेळ?' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात त्यावर वाद घालत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की नवीन लॅपटॉपवर आमचा प्रोफायलर (प्रोग्राम चालताना प्रोसेसर काय आणि किती करतो ते मोजणारं टूल) 'अनोळखी प्रोसेसर' म्हणून उघडायलाच तयार नव्हता, सपोर्टने सहा आठवडे 'लवकरच येतंय' म्हणत झुलवलं, आणि शेवटी अपडेट आलं तर इन्स्ट्रक्शनचे, म्हणजे प्रोसेसरने पाळलेल्या एकेक हुकमाचे, आकडे दर रनला वेगळे, कधी तर निम्मेच. वर तुमचा टोला, की यादीत मॉडेल नंबरची एक ओळ टाकायला एवढा वेळ कशाला.

आधी आकड्यांचं बोलतो, कारण ती चूक सरळसरळ आमची आहे. तुमच्या मशीनमध्ये दोन जातींचे कोर (प्रोसेसरमधली काम करणारी एकेक युनिटं) आहेत, वेगवान पी-कोर आणि वीज वाचवणारे ई-कोर. इंटेलने २०२१ मध्ये ॲल्डर लेक ही प्रोसेसरची पिढी आणली तेव्हापासून असे लॅपटॉप सर्रास झालेत. दोन्ही जातींचं मोजणीचं युनिट, म्हणजे पीएमयू, वेगळं असतं. ॲल्डर लेकचंच बघा, पी-कोरला ८ जनरल काउंटर (हवं ते मोजायला लावता येतात असे) तर ई-कोरला ६, आणि लिनक्सही ते दोन वेगळे पीएमयू म्हणूनच दाखवतो. आम्ही काय केलं, तर इव्हेंट, म्हणजे मोजायच्या गोष्टी, फक्त पी-कोरच्या पीएमयूवर उघडले. त्यामुळे तुमचा प्रोग्राम पी-कोरवर असेपर्यंत मोजणी चालू, शेड्युलरने (कुठला प्रोग्राम कुठल्या कोरवर चालेल ते ठरवणारा लिनक्सचा भाग) उचलून ई-कोरवर टाकला की काउंटर गप्प, परत आणला की परत चालू, आणि आमचं टूल ती अर्धवट बेरीज पूर्ण समजून ठळक अक्षरात छापत होतं.

तुमचा रिव्ह्यू आल्यावर साधा लूप घेतला, १०० कोटी फेऱ्यांचा, एका फेरीत किती इन्स्ट्रक्शन ते डिसअसेंब्ली, म्हणजे प्रोग्रामचे प्रोसेसरला दिसणारे हुकूम, बघून आधीच मोजून ठेवलेलं. पी-कोरला पिन केला (म्हणजे फक्त त्याच कोरवर चालवला), आकडा चोख. ई-कोरला पिन केला, शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसतं शून्य! लाज वाटते सांगायला, पण ही टेस्ट आमच्याकडे पहिल्यापासून होती, फक्त ती कायम कोर ० वर चालायची आणि आमच्या मशीनवर कोर ० म्हणजे पी-कोर. आम्ही आपले हिरवा टिक बघून खूश.

आता 'एक ओळ'. प्रोसेसर ओळखायला खरंच एकच ओळ लागते, फॅमिली आणि मॉडेल नंबर. ती टाकून खाली मागच्या पिढीचा इव्हेंट टेबल (कुठला कोड काय मोजतो त्याची यादी) जोडला असता तर टूल त्याच दिवशी उघडलं असतं, ग्राफही छान आले असते. पण इव्हेंट म्हणजे शेवटी एक कोड आणि एक मास्क (कोडचा उपप्रकार सांगणारा आकडा), आणि त्याचा अर्थ मायक्रोआर्किटेक्चरप्रमाणे, म्हणजे चिपच्या आतल्या रचनेप्रमाणे, बदलू शकतो. जुना कोड नव्या चिपवर भलतंच काहीतरी मोजेल किंवा काहीच मोजणार नाही, चिप तक्रार करत नाही. म्हणून प्रत्येक इव्हेंटला उत्तर आधीच माहीत असलेला छोटा प्रोग्राम द्यावा लागतो. ब्रांच मिससाठी (प्रोग्राम पुढे कुठल्या वाटेने जाईल हा प्रोसेसरचा अंदाज चुकणं) रँडम डेटावरचा इफ, जिथे अंदाज निम्म्या वेळा चुकायलाच हवा, आणि कॅश मिससाठी (हवा तो डेटा कॅश या जवळच्या वेगवान मेमरीत न सापडणं) कॅशमध्ये मावणार नाही एवढ्या मेमरीत इकडून तिकडे उड्या मारणारी लिंक्ड लिस्ट. त्यात चिपच्या एराटामध्ये, म्हणजे कंपनीने जाहीर केलेल्या चुकांच्या यादीत, एखादा इव्हेंट जास्तच मोजतो असं निघालं की तो बाजूला काढा. वेळ जातो तो इथे. (आणि एवढं करूनही आम्ही वर सांगितलेला घोळ घातलाच, ते मान्य.)

सहा आठवड्यांबद्दल मात्र सबब नाही. 'लवकरच' हे उत्तर सपोर्टच्या पोरांना मीच दिलं होतं, त्यांच्यावर राग नको. टायमरवर सॅम्पलिंग करायला, म्हणजे ठरावीक वेळाने प्रोग्राम कुठे आहे ते टिपायला, पीएमयू लागत नाही, ते कुठल्याही प्रोसेसरवर चालतं, म्हणजे टूल बंद पडायचं काही कारणच नव्हतं. आता अनोळखी चिप दिसली तर तेवढ्या मोडमध्ये उघडतं आणि काउंटर बंद असल्याचं वरच लिहून येतं.

कालच्या व्हर्जनमध्ये दोन्ही पीएमयूवर मोजणी होते, पी आणि ई असे वेगळे कॉलम दिसतील. तुमचं लायसन्स सहा आठवड्यांनी वाढवलंय, नको असेल तर सपोर्टला एक मेल टाका, पैसे परत करतो. मागच्या व्हर्जनवर काढलेले रिपोर्ट तेवढे फेकून द्या, तुम्हीही आणि असा लॅपटॉप असलेले बाकीचे जे वाचतायत त्यांनीही, ते आता दुरुस्त करता येत नाहीत, ई-कोरवरचं मोजलंच नाही तर नंतर आणणार कुठून.