आग लावणं म्हणजे नेहमीच नासधूस नव्हे

'जंगल वाचवायचं म्हणून आग कशी लावता?' असं एकाने विचारलंय. ओक सवाना, म्हणजे विरळ ओकची झाडं आणि त्यांच्याखाली गवत असलेला प्रदेश, याच्या बाबतीत त्याचं उत्तर अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक या संशोधन केंद्रात मिळतं. तिथे १९६४ पासून वेगवेगळ्या तुकड्यांवर ठरावीक वर्षांनी नियंत्रित आग लावली जाते, काही तुकडे मुद्दाम न जाळता ठेवले जातात. आग थांबली की झाडी दाट होते, सावली जमिनीपर्यंत पोचते आणि खालचं गवत, रानफुलं मागे पडतात. बर ओक या ओकच्या जातीची जाड, बुचासारखी साल आग सोसते, पातळ सालीची रोपटी जळतात. ऊन खाली उतरलं की ब्लूस्टेमसारखी गवतं पुन्हा जोर धरतात. पण जमिनीत गवताचं बी उरलंच नसेल तर ते पेरावं लागतं, नुसती आग पुरत नाही.

पक्ष्यांचं चित्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लाल डोक्याच्या सुतार पक्ष्याला उघडी जागा आणि उभी वाळलेली झाडं लागतात. आगीत मेलेलं खोड 'साफसफाई' म्हणून काढून टाकलं तर त्याचं घरच गेलं! उलट ओव्हनबर्डसारखे दाट सावलीतले पक्षी अशा ठिकाणी कमी होतात. हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण त्यांना दाट जंगल इतरत्र आहे, ओक सवाना मात्र मूळच्या एक टक्काही उरलेला नाही.

आपल्याकडेही गवताळ माळ पडीक ठरवून त्यावर खड्डे खणून झाडं लावतात. माळढोक, धाविक, चंडोल यांना तिथे सावली नको, गवत हवंय. वृक्षारोपणाच्या उत्साहात हे कोणी विचारतच नाही, याचं फार वाईट वाटतं.