मावशीच्या गुडघ्यात चार बलं

"सर्नच्या शास्त्रज्ञांनी निसर्गातली चारही मूलभूत बलं एक केली, पण जगापासून लपवलं. तेच तंत्र या चुंबकी पट्ट्यात! अंगावरचं गुरुत्वाकर्षण कमी, गुडघेदुखी गायब. पुरावा? सर्नच्या आवारातला नटराज!" दोन महिने हा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. (सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा; चार बलं म्हणजे गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, क्षीण आणि तीव्र.) मी काणाडोळा करत होतो. रविवारी मावशीकडे गेलो तर पट्टा तिच्या गुडघ्यावर. साडेचार हजार रुपये. वर डॉक्टरांची गोळी बंद. "कशाला रे दोन-दोन उपाय!"

तर आधी पट्टाच घेऊ. मावशीला वजनकाट्यावर उभं केलं. पट्टा बांधून ६८ किलो, काढून ६८ किलो. गुरुत्वाकर्षण कमी झालं असतं तर काट्याला आधी कळलं असतं. मग पट्टा तिच्या शिवणाच्या डब्यावर धरला. टाचण्या टपाटप चिकटल्या. अख्खी पृथ्वी त्यांना खाली ओढतेय आणि चार बोटांचा चुंबक त्यांना वर उचलतो! गुरुत्वाकर्षण कमीबिमी होत नाही, चुंबक त्याला पुरून उरतो. ते बल आहेच तेवढं दुबळं. चुंबकाचं भावंड म्हणजे विद्युत बल. दोन प्रोटॉनमधलं (अणूच्या गाभ्यातले कण) हे बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १ वर ३६ शून्यं इतके पट असतं. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकीय या दोन बलांना एका सूत्रात ओवायला आइन्स्टाइन १९५५ साली जाईपर्यंत झटले. जमलं नाही. आणि म्हणे पट्ट्यात जमलं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. दोन बलं खरंच एक निघाली, विद्युतचुंबकीय आणि क्षीण (काही किरणोत्सर्गामागचं बल). ती एकी मांडल्याबद्दल ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना १९७९ चं नोबेल मिळालं. १९८३ मध्ये सर्नला क्षीण बल वाहून नेणारे डब्ल्यू आणि झेड कण सापडले, म्हणजे या एकीचा पुरावाच. लपवलं कसलं, पुढच्याच वर्षी त्यावरही नोबेल दिलं की! पण ही एकी उघड दिसायला १ वर १५ शून्यं इतके अंश तापमान लागतं. मावशीचा गुडघा, सूज धरून, ३७ वर आहे.

तिसरं, तीव्र बल (अणूचा गाभा बांधून ठेवणारं) यांना जोडलं तर प्रोटॉनही कधीतरी फुटायला हवा, असं ही जोडणी करणाऱ्या बहुतेक सिद्धांतांचं म्हणणं. आपल्या टीआयएफआरची (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) माणसं त्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरली होती. संशयास्पद खुणा दिसल्या, त्या त्यांनी जाहीर केल्या, पण पुढे दुजोरा मिळाला नाही. जपानचा सुपर-कामिओकांडे हा जमिनीखालचा कणशोधक तर ५० हजार टन पाण्यावर १९९६ पासून डोळा ठेवून आहे. फुटलेला प्रोटॉन खात्रीने एकही सापडलेला नाही. २०२० च्या त्यांच्या निबंधानुसार, ज्या प्रकारे तो फुटेल अशी सर्वात जास्त अपेक्षा होती, त्या प्रकाराला निदान २४ वर ३३ शून्यं इतकी वर्षं लागावीत. तीनच जुळत नाहीत अजून, चौथ्याचं काय घेऊन बसलात?

राहिला नटराज. हो, सर्नच्या आवारात मूर्ती आहे. भारत सरकारने २००४ साली भेट दिलेली. भेट आहे, पावती नव्हे.

गोळी सोमवारपासून पुन्हा सुरू. पट्टेवाला फोन उचलत नाही. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला मात्र मावशीला आता वाकावं लागत नाही.