पोचल्यावरचे हाल

आषाढात आमच्या बेळगावकडं गुडघाभर चिखलात भाताची लावण चालते. कार्तिकात सुगी. माघात मात्र भात पोत्यांत जाऊन बसलेलं असतं आणि माणसाजवळ एकही सबब उरत नाही. म्हणून आमच्या गावची दिंडी माघवारीला निघते, आणि म्हणूनच यंदा मी तिच्यात सापडलो.

चालण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. संकेश्वर, चिक्कोडी, मिरज, सांगोला असं करत माणूस आपोआप पुढं सरकतो. उसाचे ट्रॅक्टर डबल ट्रॉली आणि कर्कश गाणी घेऊन अंगावर येतात, तेव्हा कडेच्या काट्यांत शिरायचं. पायाला फोड आला की कुणीतरी माउली सुईत दोरा ओवते आणि फोडातून आरपार काढते. पहाटेच्या थंडीत दात वाजतात, तर त्यांना टाळांची साथ असते. हे सगळे सरळमार्गी हाल.

खरी परीक्षा पंढरपुरात सुरू झाली. चंद्रभागेचं स्नान झालं, नगरप्रदक्षिणा झाली, आणि मग भेटी! वारकऱ्यांत लहानमोठा भेद नाही, हे फार थोर आहे. पण त्यामुळं प्रत्येकानं प्रत्येकाच्या पाया पडायचं असतं. दिंडीत 100 माणसं धरा. माणशी 99 नमस्कार, म्हणजे एकूण 9900. त्यात समोरच्यानं आधी वाकू नये म्हणून आपण घाई करतो, त्याच कारणासाठी तोही घाई करतो, आणि कपाळावर कपाळ आपटतं. आमच्या विणेकरीबुवांच्या तर गळ्यात वीणा. ते वाकले की तिची खुंटी थेट माझ्या कानात.

द्वादशीला बारस सोडायची. आदल्या दिवशी शाबू आणि रताळ्यांवर काढलेली शंभर पोटं पुरणपोळीकडं डोळे लावून बसलेली. माझी पाचवी पोळी संपत आली, तोवर वाढणाऱ्या मावशींनी सहावी टाकलीसुद्धा. "खा की गा, चालून चालून किती वाळलास!" वाटेतल्या प्रत्येक गावानं चहा, भाकरी, झुणका घालून मला चांगलं वाढवलं होतं, पण भरल्या तोंडानं हे सांगणार कसं?

परतताना टेम्पो. इतके दिवस पायाखाली घातलेली वाट त्यानं एका झोपेत गुंडाळली. हा मला पायांचा अपमानच वाटला. बाहेर बघितलं तर चिक्कोडी मागं पडत होती.

वेशीवर भजनी मंडळ उभंच होतं. ऊन पाण्यानं पाय धुतले, वर हळदकुंकू, ओवाळणं, आणि मग सगळा गाव पायांवर. आमच्या लोकांची श्रद्धा नेमकी अंगठ्याशेजारच्या फोडावर टेकते. शेजारच्या अज्जी कानडीतून ख्यालीखुशाली विचारत दोन्ही हातांनी पाऊल दाबून गेल्या. माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी बघून, "बघा, किती भाव दाटून आलाय," असं कुणीतरी म्हणालं. पाढे चुकले म्हणून एकेकाळी मला अंगठे धरायला लावणारे मास्तर आता स्वतःच माझे अंगठे धरायला निघाले. मी ओरडलो, ते भक्तीत खपलं.

पुढं मावंदं. खपली गव्हाची हुग्गी, कटाची आमटी, भात, आणि वाड्यातल्या प्रत्येक घराचं वेगळं आमंत्रण. एक टाळलं तर दोन पिढ्यांचा अबोला. प्रसादाचे चुरमुरे तर संपतच नव्हते. बेळगावात चुरमुऱ्यांची काय वाण आहे? पण पंढरपूरचे दोन दाणे तळहातावर पडल्याशिवाय कुणी उठेल तर शपथ!

या सगळ्या गर्दीत एकच माणूस मजेत होता, आमच्या शिधा-सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर. अख्खी वारी त्यानं स्टेअरिंगमागं बसून केली, मुक्कामाला सगळ्यांच्या आधी पोचून झोपही काढली. तरी लोक त्याच्याही पाया तितक्याच भावानं पडत होते. तो डोळे मिटून "माउली, माउली" म्हणत होता. तळवे लोण्यासारखे, एक फोड नाही. शेवटी मी माझ्यासमोरची रांग गुपचूप त्याच्याकडं वळवली आणि कानात विचारलं, "चालेल न्हवं?"

"चालायचं तुम्ही," तो पाय आणखी पुढं करत म्हणाला, "पडू देत की माझ्या. मी बसूनच हाय."