मालकाचं उत्तर : 'अंदाजपंचे वर्गीकरण, पैसे पाण्यात' या रिव्ह्यूला

नमस्कार साहेब. तुमच्या यादीतल्या औषध-रसायनांचं वर्गीकरण आम्ही करून दिलं, त्यात तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. एक तारा द्यायचा तुमचा हक्क आहे. पण 'पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही दुखण्यावरची औषधं, तरी वेगळ्या वर्गात टाकली, सगळं अंदाजपंचे' हे जे लिहिलंत, त्यावर बोलणं भाग आहे. वाळूज, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतली मंडळी आम्हाला काम देण्याआधी हेच वाचतात.

औषध कशावर देतात ते आमचा वर्गीकरणाचा कॉम्प्युटर प्रोग्राम बघतच नाही. तो रेणूची रचना बघतो. पॅरासिटॅमॉलमध्ये बेंझिनच्या, म्हणजे सहा कार्बनच्या, कड्याला थेट ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट आहे, म्हणून ते फिनॉलमध्ये जातं. आयबुप्रोफेनमध्ये कड्याला तसा थेट ओएच गट नाही, तिथं प्रोपॅनॉइक आम्लाची साखळी आहे, म्हणून ते फिनाइलप्रोपॅनॉइक आम्लांत. अ‍ॅस्पिरिन तर तिसरीकडंच, बेंझोइक आम्लांत. हे वर्ग आम्ही मनानं पाडलेले नाहीत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये रचनेवरून रसायनं वर्गांत लावणारी क्लासीफायर ही पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात ४,८०० हून जास्त वर्ग आहेत आणि प्रत्येकाची व्याख्या ठरलेली आहे. यात अंदाज कुठं आला?

बरं, उपयोगावरून लावायचं म्हटलं तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या एटीसी यादीत पॅरासिटॅमॉल एन०२बीई०१, म्हणजे मज्जासंस्थेच्या औषधांत, आणि आयबुप्रोफेन एम०१एई०१, म्हणजे स्नायू-हाडांच्या. तिथंही ती शेजारी नाहीत, साहेब.

काम उशिरा मिळाल्याचं म्हणाल तर तुमची यादी गोडाऊनच्या वहीचे फोटो काढून आली. निम्मी नावं बाजारातली, काही अर्धवट. सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, मागायला आमच्या ताईंनी फोन केले, तेव्हा तुम्ही लग्नात होतात, नंतर फोन आलाच नाही. मग एकेक नाव ताडून रचना शोधली. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. हे रिव्ह्यूत कुठंच नाही, याचं वाईट वाटलं. तीन माणसांचं पोट या कामावर आहे.

यापुढं यादी घेतानाच सगळं नीट विचारून घेऊ, अजूनही काही सुधारणा चालू आहेत. तुमची फाईल आमच्याकडं आहे. उपयोगाचा रकाना जोडून हवा असेल तर सांगा, फुकट करून देतो. आणि पटलं तर 'अंदाजपंचे' तेवढं काढा.