मालकाचे उत्तर : होडीच्या रंगाबद्दल

नमस्कार ताई,

बाबांच्या जुन्या फायबर होडीवर मी नवा रंगीत थर चढवून दिला, त्या कामावरचा तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. दोन तारे बघून वाईट वाटलंच, पण खालचा मजकूर वाचून झोप उडाली. आधी माफी मागतो. होडी सात आठवडे उशिरा दिली, चूक माझी. उजव्या बाजूला इंजिनाकडच्या टोकाला दोन हातांचा पट्टा जरा गडद दिसतो, हेही तुम्ही बरोबर लिहिलंत. जेलकोटचा, म्हणजे होडीच्या वरच्या रंगीत थराचा, शेवटचा डबा कमी पडला, पुन्हा कालवताना निळ्या पेस्टचं वजन थोडं चुकलं. कालवलं कामावरच्या मुलाने, पण तपासायचं काम माझं होतं.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की ‘बाबांच्या होडीचा मूळ रंगच घालवला, समुद्री हिरव्या होडीची निळी करून दिली.’ हे मला मान्य नाही. वडिलांपासून रेवदंड्याच्या खाडीकाठी आमचं हेच काम आहे. ते सागवानी होड्या बांधायचे, मी फायबरमध्ये आलो. दुसऱ्याच्या वडिलांची आठवण हातात घेऊन मी तिच्यावर मनाला येईल तो रंग मारीन, असं गावात कोणी म्हणणार नाही. इथे ते चार अनोळखी माणसं वाचणार आणि पुढचं गिऱ्हाईक फोनच करणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

1974 ची तुमची होडी मुळात रंगवलेली नव्हतीच. फायबरच्या होडीचा रंग वरून मारलेला नसतो. साच्यात सगळ्यात आधी जेलकोटचा थर देतात, म्हणजे रंग मिसळलेली राळ. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्यामागे काचेची मॅट आणि राळ चढवत जातात. होडी साच्यातून निघते तीच रंगीत. किहीमच्या वाडीत इतकी वर्षं ऊनपाऊस खाऊन त्या थराचा पृष्ठभाग भुकटी झाला होता. हात फिरवला की बोटाला खडूसारखं पांढरं लागायचं, तुम्हीच तेव्हा दाखवलं होतंत. त्या फिरोजी छटेला वापरतात ते निळे-हिरवे पिगमेंट उन्हाला चिवट असतात, सहसा उडत नाहीत. खराब होते ती वरची राळ, आणि तिच्या भुकटीमुळे खालचा रंग फिका, हिरवट-राखाडी दिसतो. होडी आणली त्या दिवशी मी एक बादली पाणी मारलं होतं, आठवतंय का? ओली असेपर्यंत ती किती निळी दिसली, आणि वाळल्यावर परत पांढुरकी झाली. तुम्ही समुद्री हिरवा म्हणताय तो हा वाळलेला रंग आहे.

तरी मी नुसत्या अंदाजावर गेलो नाही. ऊन कधीच लागलं नाही अशा तीन जागा उघडल्या. पुढच्या क्लीटखाली (दोर बांधायची खुंटी), काठाच्या रबरी पट्टीखाली आणि काचेच्या फ्रेमखाली. तिथे आधी 400 चा वॉटर पेपर (पाण्यात घासायचा पॉलिश पेपर), मग आणखी बारीक 800, मग 1500, आणि वरून चकाकीचं कंपाउंड. तिन्ही ठिकाणी एकच रंग निघाला. रंगाच्या दुकानात मशीन लावून कोड काढायला हवा होता, असं तुम्ही लिहिलंय. ताई, मशीन समोर असेल तेच वाचतं. भुकटीवर धरलं तर भुकटीचा कोड देईल. आणि कोड मिळतो तो पेंटचा, जेलकोट शेवटी हातानेच जुळवावा लागतो.

आता फोटोचं. अल्बममधला होडीचा जो फोटो तुम्ही पाठवलात, तो मी शंभर वेळा बघितला असेन. त्या काळातले रंगीत फोटो अंधारात बंद ठेवले तरी त्यांच्यातला निळसर रंग आधी मरतो आणि फोटो लालसर-पिवळट होतो. फोटोत तुमच्या बाबांनी पांढरा सदरा घातलाय, तुम्हीच सांगितलंत. नीट बघा, तो बदामी दिसतोय. सदऱ्याचं असं झालं, तर होडीचा रंग त्या फोटोत जागेवर कसा असेल?

एवढं करूनही निवड मी तुमच्यावर सोडली होती. रंगाच्या नमुन्याच्या तीन पाट्या बनवून दिल्या. 1 नंबर फोटोप्रमाणे, 2 नंबर क्लीटखालच्या रंगाप्रमाणे, 3 नंबर दोघांच्या मधला. प्रत्येकीच्या मागे मार्करने लिहिलं होतं, ‘सकाळी उघड्यावर बघा’. तुमचा फोन आला रात्री साडेनऊला, पुण्याच्या घरून. ‘2 नंबर, हाच बाबांचा रंग’ असं म्हणालात आणि बोलताना तुमचा आवाज भरून आला होता. मी विचारलं, उन्हात बघितलात का? तुम्ही म्हणालात, गरज नाही. घरच्या पिवळ्या दिव्याखाली निळ्यातला निळेपणा मारला जातो आणि हिरवट बाजू वर येते. तीच पाटी समुद्रावर दुपारी निळी दिसणार. मी आणखी एकदा विचारायला हवं होतं, हे आज कळतंय. पण भरल्या आवाजापुढे मला ते बरं वाटलं नाही.

रंग जुळवणीचे 11,500 ‘अचानक लावले’ असंही तुम्ही म्हणता. अंदाजपत्रकात चौथ्या ओळीत ‘रंग जुळवणी वेगळी’ असं आहे. आकडा लिहिला नव्हता, ते मान्य. इथून पुढे आकडा घालूनच कागद देऊ. पण ते पैसे कशाचे, तेही ऐका. शंभर ग्रॅम जेलकोट घ्यायचा, पांढरा, निळा, हिरवा, टोचणीच्या टोकाएवढा काळा, सगळं काट्यावर. राळ घट्ट व्हायला दोन टक्के हार्डनर. ओला रंग आणि सुकलेला रंग एक नसतो, म्हणून रात्रभर ठेवायचा, सकाळी वॉटर पेपर, बफिंग, आणि मग उजेडात क्लीटखालच्या रंगाशेजारी धरायचा. जरा हिरवा वाटला की फेकून पुन्हा पहिल्यापासून. अशा अकरा खेपा झाल्या. तीन पाट्या तुमच्या हातात आल्या, आठ माझ्याकडे भिंतीला टांगलेल्या आहेत. कधीही येऊन मोजा.

उशिराचं एवढंच सांगतो की जून-जुलै मासेमारी बंद असते आणि कोळ्यांच्या सगळ्या होड्या त्याच दोन महिन्यांत दुरुस्तीला येतात. 1 ऑगस्टला त्यांना समुद्रात उतरायचंच असतं, त्यावर घरं चालतात. शिवाय पावसाच्या दमट हवेत जेलकोट मारला तर नीट सुकत नाही. हे तुम्हाला मे महिन्यातच सांगायला हवं होतं. फोन उचलत नाही म्हणता, तेही बघतो. फायबर घासताना मास्क आणि हातमोजे असतात, फोन उचलता येत नाही, पण संध्याकाळी उलट फोन करायला हरकत नव्हती.

तो गडद पट्टा मी एक पैसा न घेता करून देईन. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की होडी आणा, किंवा मीच किहीमला येतो. बाकीची होडी मात्र मी फिकट करणार नाही. तुम्हाला तसंच हवं असेल तर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, 1 नंबरची पाटी तुमच्याकडेच आहे.

आणखी एक गोष्ट होडी देताना सांगायची राहिली. पुढच्या क्लीटखाली मी नवा जेलकोट चढवलेला नाही. तिथे चार बोटं रुंद जागा 1974 ची तशीच ठेवली आहे. दोन बोल्ट आहेत, 12 नंबरचा पाना लागेल. सकाळच्या उजेडात क्लीट सोडवा आणि जुना रंग नव्याच्या शेजारी बघा. वॉशर दोन्ही परत बसवा, नाहीतर पाणी आत जाईल.